सहाशे चाळीस अर्ज

सहाशे चाळीस हा आकडा मी तिला फोनवर सांगितला, तेव्हा अर्जाच्या शेवटच्या तारखेला तीन दिवस बाकी होते. जागा एक आणि अर्ज सहाशे चाळीस. ती म्हणाली, "बाप रे. एवढे?"

"अजून टपाल येतंच आहे," मी म्हणाले.

तो फोन मी का केला, याचा विचार मी नंतर फार केला. तिला सावध करायचं होतं, उगाच आशा लावून बसू नये असं वाटत होतं, असं मी स्वतःला सांगत आले. पण त्यात थोडी ऐटही होती. मी आतल्या गोटातली होते, रजिस्टर माझ्या डोळ्यांनी पाहून आले होते आणि ते कुणाला तरी सांगायचं होतं.

आमची ओळख नांदेडची. सूक्ष्मजीवशास्त्राच्या एम.एस्सी.ला आम्ही एका बाकावर होतो. मी जुन्या नांदेडातली, जिल्दसाजाची, पुस्तकं बांधणाऱ्याची मुलगी. ती उमरीहून सकाळच्या गाडीनं यायची. वडील ती लहान असतानाच गेलेले, आई अंगणवाडीत मदतनीस. त्यांच्या गल्लीत बुद्धविहाराच्या भिंतीवर दरवर्षी पास झालेल्या मुलांची नावं लिहीत, त्यात तिचं नाव सलग सात वर्षं होतं असं ती हसत सांगायची. पुढं आम्ही दोघींनी संशोधनालाही एकदमच नाव नोंदवलं.

तिनं विषय घेतला होता हळदीच्या कंदकुजीचा. आमच्याकडं हळद लई. पावसाळ्यात पाणी साचलं की जमिनीतली बुरशी कंदात शिरते आणि वरून हिरवंगार दिसणारं झाड आत कुजून जातं. या बुरशीला रोखणारे जिवाणू त्याच मातीत कुठं तरी असणार, असं तिचं म्हणणं होतं. उमरी-भोकरच्या बाजूनं ती शेतं हिंडायची. सगळं कुजलेल्या वावरात एखादं झाड तग धरून उभं असलं की नेमकी त्याच्याच मुळाशी बसून माती उकरायची. मातीच्या पिशव्या मांडीवर घेऊन गाडीनं यायची. डब्यातल्या बाया विचारायच्या, "काय हाय गं त्यात?" ती म्हणायची, "जिवंत हायत. हळू बसा."

तीन वर्षांत तिनं एकतीस जिवाणू वेगळे केले. प्रत्येक काचनळीवर गावाचं नाव लिहिलेलं असायचं. विभागाच्या मागच्या व्हरांड्यात तिनं कुंड्यांची रांग लावली होती, अर्ध्यांत तिचे जिवाणू आणि अर्ध्या तशाच. भाद्रपदात तशाच ठेवलेल्या कुंड्यांतली पानं पिवळी पडून लोळली. दुसऱ्या अर्ध्यांतली झाडं उभी होती. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

माझं संशोधन मात्र दोन वर्षांत थांबलं. अम्मीची किडनी गेली, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला तिला घेऊन बसावं लागे आणि फेलोशिपही संपली होती. अम्मी गेल्यावर पुन्हा सुरू करावं अशी उमेद राहिली नाही. लातूरजवळच्या एका ट्रस्टच्या मातीपरीक्षण आणि जिवाणू खतांच्या प्रयोगशाळेत मला सहायकाचं काम मिळालं. अकरा महिन्यांचा करार असायचा आणि दरवेळी नवा.

तिचा प्रबंध माझ्या अब्बांनीच बांधला. काळं रेक्झिन आणि त्यावर सोनेरी अक्षरं. अब्बा एकेक अक्षर तापवून दाबत होते आणि ती शेजारी उकिडवी बसून बघत होती. काम झाल्यावर अब्बांनी तो कपड्यानं पुसून तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "अब तो लोगां कुर्सी लेको आते बेटा तुमारे पीछे."

कुणी काही आलं नाही. तीन वर्षं तिनं नांदेडच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवलं. मग तासिका कमी झाल्या, पुढं बंदच झाल्या. या काळात ती अर्ज करत होती. अर्जांच्या फायली अब्बांच्याच दुकानात स्पायरल करायला यायच्या. अब्बा मला एकदा म्हणाले, की मी ज्यांचे ज्यांचे प्रबंध बांधले ते सगळे परत येतात, पण फायली बांधायला येतात. प्रबंध एकदाच बांधायचा असतो, फायलींना अंत नाही.

शेवटी ती उमरीतच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागली. रक्त काढायचं, नळ्यांवर नावं लिहायची, मशीनला लावायच्या.

आमच्या लातूरच्या प्रयोगशाळेत कनिष्ठ शास्त्रज्ञाची एक जागा निघाली, तेव्हा ती जाहिरात मीच तिला पाठवली. पीएच.डी. हवी, विषय सूक्ष्मजीवशास्त्र, शिकवण्याचा किंवा कामाचा अनुभव हवा, पिकांच्या मुळांच्या रोगांवर प्रत्यक्ष शेतात केलेल्या कामाला प्राधान्य. वय पस्तीसच्या आत. वाचताना मला वाटलं, कुणी तरी तिला समोर बसवून हे लिहिलं असावं. माझ्याकडं पीएच.डी. नाही, त्यामुळं माझा स्वतःचा प्रश्नच नव्हता. तिचा लगेच फोन आला.

"मी भरून राहिले फॉर्म. सगळे कागद हायत. फक्त कॉलेजातला अनुभवाचा दाखला राहिला. तिथला बाबू आज या, उद्या या करून राहिला."

"दाखला घे आणि स्वतःच ये लातूरला. हातानं देऊ आपण. माझ्याकडं राहा."

"येते," ती म्हणाली. आवाजात मातीच्या पिशव्या घेऊन गाडीनं येणारी जुनी ती होती.

त्याच आठवड्यात मी कसल्याशा कामानं ऑफिसात गेले. भिंतीला लागून खाकी पाकिटांचे गठ्ठे रचले होते, माझ्या छातीपर्यंत. क्लार्क आवक रजिस्टरात नोंदी करत होता. शेवटची नोंद सहाशे चाळीसची. मी बाहेर येऊन चिंचेखाली उभी राहिले आणि फोन लावला.

आकडा ऐकल्यावर ती म्हणाली, "मग काय करू गं?"

"बघ तू. मी आपलं सांगितलं."

"दाखल्यासाठी परत नांदेडला जायचं. इथं डॉक्टर सुट्टी देत न्हाईत. आन् सहाशे चाळीसात माझं कोन काढतंय?"

मी म्हणायला हवं होतं, ये तू. मी म्हणाले, "ते पण खरंच आहे."

तिनं अर्ज पाठवला नाही.

पंधरा दिवसांनी आमच्या संचालक सरांनी मला बोलावलं. छाननीला माणूस कमी पडत होता. वनस्पतीशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक त्यांनी बोलावले होते, त्यांच्या मदतीला मी बसायचं. कागद उडतात म्हणून पंखा बंद आणि खिडक्या लावलेल्या. त्या प्राध्यापक सरांनी मला तीन गोष्टी बघायला सांगितल्या, पदवी, विषय आणि अनुभव. "या तिन्हींत आणि वयात बसला तर डावीकडं. नाही तर उजवीकडं. दया करायची नाही, नाही तर महिना पुरणार नाही."

पहिल्या तासात उजवीकडचा ढीग माझ्या कोपराएवढा झाला. डावीकडं टेबल रिकामंच होतं. मला वाटलं माझं काही तरी चुकतंय. मी सरांना चारपाच अर्ज दाखवले. ते म्हणाले, "बरोबर आहे. चालू दे."

त्या ढिगात इतिहासाचे एम.ए. होते. इंजिनिअर होते, स्थापत्यचे, यंत्राचे. नुकतेच बी.एस्सी. झालेले होते. एका नेट कॅफेतून आलेले बावीस अर्ज होते, सगळ्यांचा मजकूर एक, एकाच्या अर्जात तर दुसऱ्याचंच नाव राहून गेलेलं. काहींनी दोनदा, तीनदा पाठवलेले, पहिला पोचला नसेल या भीतीनं. कितीतरी जणांनी पदाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'कोणतेही'. निलंग्याकडच्या एकानं शेवटी हातानं लिहिलं होतं, 'माझी निवड न झाल्यास कृपया फोटो परत पाठवावा, पुढील अर्जास उपयोगी येईल.' सोबत तिकीट लावलेलं पाकीट जोडलं होतं. मी फोटो काढून त्या पाकिटात घातला आणि पाकीट टपालात टाकायला बाजूला ठेवलं. सरांनी पाहिलं आणि पुढचा अर्ज उचलला.

पाचव्या दिवशी संध्याकाळी ढीग संपला. डावीकडचे अर्ज मी मोजले. परत मोजले. एकोणीस होते.

"एवढेच?" मी विचारलं.

"एवढेच असतात," सर म्हणाले. त्यांनी एकोणीस अर्ज पत्त्यांसारखे पसरले. "आणि हे तरी खरे कुठं आहेत? हा बघ, हा गेल्या वर्षी परभणीच्या छाननीत होता आमच्याकडं. ही बाई अकोल्याला. हा दोन्हीकडं. हीच माणसं सगळीकडं अर्ज करतात. जिथं जागा निघेल तिथं. प्रत्येक ढिगाला वाटतं, नवीन माणूस आला. यातला एक कुठं लागला की दहा ढिगांतून एकेक कमी होतो, पण ते कुणाला कळत नाही. आकडा तेवढाच छापतात."

"मुलाखतीला किती येतील?"

"सहा. सात."

मी त्या एकोणीस अर्जांकडं बघत राहिले. मुळांच्या रोगांवर काम असलेले सहा. शेतात जाऊन काम केलेला एक. तिचा असता तर दोन झाले असते. बाकी अर्ज उचलायला क्लार्क आला. मी विसाव्या अर्जाचा विचार करत होते, तो कधी आलाच नव्हता आणि मीच तो येऊ दिला नव्हता.

मुलाखतीला सात जण आले. मी कागद आत नेऊन देत होते, पाणी ठेवत होते. खोलीत काय चाललंय ते अर्धंमुर्धं कानावर पडत होतं. मला वाटत होतं, आता कुणाचा तरी पुतण्या निघेल, कुणाचा तरी फोन येईल. खरं सांगते, मी ते शोधत होते. वशिला सापडला असता तर मी सुटले असते, तिनं अर्ज केला असता तरी उपयोग नव्हता असं म्हणता आलं असतं. पण काही सापडलं नाही. सरांनी नीट प्रश्न विचारले. जवळच्या मुरुडचा एक मुलगा निवडला गेला, साधा, थोडा अडखळत बोलणारा. त्यानं सोयाबीनच्या मूळकुजीवर काम केलं होतं, पण सगळं प्रयोगशाळेत. सर बाहेर येऊन मला म्हणाले, "शेतात हात घातलेलं माणूस मिळालं असतं तर बरं होतं." मी मान हलवली.

दोन दिवसांनी तो ऑर्डर घ्यायला आला. संचालकांनी मला फाईल घेऊन आत बोलावलं होतं, म्हणून मी तिथं होते. त्यानं ऑर्डर वाचली आणि घाबरत म्हणाला, "सर, जाहिरातीत कायम पद लिहिलं होतं. इथं अकरा महिने लिहिलंय."

संचालक ओरडले वगैरे नाहीत. त्यांनी आवक रजिस्टर उघडून त्याच्यासमोर सरकवलं. शेवटच्या नोंदीवर बोट ठेवलं. "सहाशे त्रेपन्न. तुम्ही सोडून सहाशे बावन्न. तुम्ही विचार करा निवांत. मला घाई नाही."

तो रजिस्टराकडं बघत राहिला. त्याला मी सांगू शकले असते, की सहाशे बावन्न नव्हेत रे, सहा. आणि त्या सहांतल्याही दोघांना इथं यायचंच नाही. पण माझ्या स्वतःच्या कराराचं नूतनीकरण त्याच टेबलावर पुढच्या महिन्यात होतं. त्यानं सही केली. पेन परत देताना तो मला "थँक यू मॅडम" म्हणाला.

पुढच्या महिन्यात मी माझ्या कराराबद्दल बोलायला गेले, तेव्हा ते रजिस्टर माझ्यासमोरही सरकलं. आणि ट्रस्टच्या वर्धापनदिनाला संचालक माइकवरून म्हणाले, की आपल्या एका जागेसाठी साडेसहाशेहून जास्त उच्चशिक्षितांनी अर्ज केले, यावरून संस्थेचा लौकिक कळतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पण.

तिला हे सांगायला मला चार महिने लागले. ईदला नांदेडला आले होते, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं उमरीला गेले. ती लॅबमध्ये होती. पांढरा कोट, केस वर बांधलेले. उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली माणसं बाकावर बसली होती. ती एकेकाचं नाव विचारून दंडाला पट्टी बांधत होती. गर्दी सरल्यावर तिनं मला आत बोलावलं, चहा मागवला. मी सगळं सांगितलं. एकोणीस, मग सात. शेतात काम केलेला एक, आणि तो मुलाखतीला आलाच नव्हता.

ती नळ्यांवर नावं लिहीत होती. लिहायची थांबली नाही.

"तुझ्यामुळं झालं असं नको म्हनू," ती म्हणाली. "तू म्हनलीस सहाशे चाळीस आन् मला बरं वाटलं. खरं सांगून राहिले. त्या बाबूसमोर परत जाऊन उभं राहायचं न्हाई, मुलाखतीला साडी नेसून जायचं न्हाई, आईला घरी येऊन सांगायचं न्हाई. सुटल्यासारखं झालं. तू न्हाई सांगितलं असतं तर मी दुसऱ्या कोनाला तरी विचारलं असतं."

"पण तुझी झाली असती निवड."

"असंल." तिनं नळी स्टँडमध्ये ठेवली. "माझ्या नळ्या टाकून दिल्या विभागात. तुला म्हाईत हाय का?"

मला माहीत नव्हतं.

"फ्रिज साफ केला. नवीन पोरं आलीत, जागा पाहिजे. मी दर तीन महिन्याला जाऊन नव्या खाद्यावर घेत होते त्यांना. मधी दोन खेपा चुकल्या. गेले तर सगळं ऑटोक्लेव्हच्या वाफेत मारून टाकलेलं. एकतीसच्या एकतीस." ती पुढच्या नळीवर नाव लिहू लागली. "गावंबी तीच हायत, मातीबी तीच हाय. परत सापडतील म्हना. पन कोन जातंय आता."

चहा आला. आम्ही प्यायलो. ती मला स्टेशनपर्यंत सोडायला आली, तेव्हा तिच्या आईच्या गुडघ्याबद्दल बोललो, अब्बांच्या डोळ्यांबद्दल बोललो. त्या जागेबद्दल परत बोललो नाही.

मुरुडचा मुलगा दुसऱ्या अकरा महिन्यांनंतर सोडून गेला. हैदराबादच्या एका कंपनीत लागला असं कळलं. जागेची परत जाहिरात आली, तीच, शब्दही न बदललेली. मी ती तिला पाठवली. यावेळी पुढं काहीही लिहिलं नाही. तिनं बघितली, उत्तर दिलं नाही. मी तिच्या घरी फोन केला, तर तिच्या आईनं उचलला. म्हणाल्या, "कामावर गेलीया. फारम भरायला सांगू का तिला?"

"सांगा, मावशी. माझं नाव सांगून सांगा."

ऑफिसात मी त्या महिन्यात फिरकलेच नाही. गठ्ठे किती उंच झालेत ते बघायचं नव्हतं. पण छाननीला पुन्हा मलाच बसवलं. निवृत्त सरांना आता बारीक अक्षर दिसत नव्हतं, त्यामुळं मी वाचायचं, त्यांनी विचारायचं आणि मी शेरा लिहायचा. तिसऱ्या दिवशी दुपारी मी एक पाकीट फोडलं आणि तिचं अक्षर दिसलं.

मी अर्ज नीट वाचला. पदवी होती. विषय होता. अनुभवाचा दाखला होता, त्या बाबूच्या सहीचा, म्हणजे ती परत जाऊन त्याच्यासमोर उभी राहिली होती. शेवटच्या पानावर तिनं लिहिलं होतं, 'स्वतः वेगळे केलेले जिवाणू एकतीस. सध्या उपलब्ध नाहीत. पुन्हा मिळवता येतील.'

"काय आहे?" सरांनी विचारलं.

"सगळं आहे, सर. मुळांच्या रोगांवर शेतातलं काम आहे."

"अरे वा. वय?"

मी मघापासून ज्या रकान्याकडं बघत नव्हते, तिकडं पाहिलं. छत्तीस वर्षं चार महिने. मागच्या वेळी ती चौतिशीची होती.

"सर, एक वर्ष चार महिने जास्त होतंय. मी संचालक सरांना विचारू का?"

"विचार," सर म्हणाले.

मी गेले. असं काम केलेलं माणूस मागच्या खेपेला मुलाखतीला आलं नव्हतं आणि या ढिगातही अजून दिसलं नव्हतं, हे त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, एकाला सूट दिली तर एवढ्या ढिगातला प्रत्येक जण कोर्टात जाईल." ते चुकीचं बोलत होते असं मला म्हणता आलं नाही. मी परत येऊन खुर्चीत बसले आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'अपात्र. वयोमर्यादा.' खाली माझी सही केली. सरांनी विचारलं, ओळखीची आहे का. मी हो म्हणाले. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाले, "पुढचा घे."

मी तिला फोन केला नाही. महिन्याभरानं तिचाच आला.

"मुलाखतीचं पत्र आलं न्हाई गं. निघाली का पत्रं?"

"निघाली."

"हाव का." मग म्हणाली, "वयाचं न्हाई ना?"

"वयाचंच."

"वाचलं होतं मी. म्हनलं, एवढ्या ढिगात कोन तारीख बघत बसतंय. जाईन निसटून."

"मीच बघत होते," मी म्हणाले. "तुझा अर्ज माझ्याच हातात आला. शेरा मी लिहिला."

तिच्या मागं मशीन फिरल्याचा आवाज येत होता.

"सगळा वाचलास?" तिनं विचारलं.

"सगळा."

"बरं," ती म्हणाली. "थांब, पेशंट आलाय." आणि फोन बंद झाला.

त्या खेपेला बारा पात्र होते. मुलाखतीला चौघं आले. अकरा महिन्यांची ऑर्डर बघून निवडलेला उमेदवार रुजूच झाला नाही, प्रतीक्षायादीतली बाईही आली नाही. जागा रिकामीच आहे. मातीचे नमुने येत राहतात, ते काम मी करते. माझा करार यंदाही झाला.